हॅचरी आणि ब्रीडर फार्मवाल्यांना खुलं पत्र : पिल्लांच्या ॲनिमियाचा दोष ब्रूडिंगवर टाकणं थांबवा

प्रति,
सगळे हॅचरी चालवणारे, ब्रीडर फार्मचे मालक आणि तिथे काम करणारे व्हेट डॉक्टर,

नमस्कार.

मी कोंबडीची पिल्लं वाढवते. माझ्याकडे पेरेंट पक्षी, म्हणजे उबवायची अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि त्यांचे नर, नाहीत, सेटर-हॅचर, म्हणजे अंडी उबवायची यंत्रं, नाहीत, एक दिवसाचं पिल्लू विकत घ्यायचं आणि मोठं करून द्यायचं एवढंच माझं काम, आणि घर त्याच्यावरच चालतं. माझी पिल्लं ॲनिमियाने मेली, इथे जे लिहितेय ते आधी हॅचरीला तक्रार म्हणून पाठवलं होतं, त्याचं उत्तरही आलं. ते उत्तर मला पटलेलं नाही आणि गप्प बसणं जमत नाहीये, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

उत्तर असं होतं की पिल्लं हॅचरीतून निघाली तेव्हा ठणठणीत होती, सबब पुढची मर ही ब्रूडिंगमधल्या, म्हणजे सुरुवातीला पिल्लांना ऊब देऊन सांभाळण्यातल्या, हलगर्जीपणामुळे. आणि फोनवर जोडीला हे सांगितलं गेलं की पेरेंट कळपाला ॲनिमियाची (विषाणूमुळे पिल्लांचं रक्त कमी होण्याच्या आजाराची) लस द्यायचं आता बंद केलंय, गरज नाही, फार्मवर पक्ष्यांना आपोआप लागण होते आणि अँटिबॉडी येतात. हॅचरीचं नाव घेत नाही, कारण भांडण कुणा एकाशी नाहीये. ही दोन्ही वाक्यं पिल्लं वाढवणाऱ्या कितीतरी जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलीयेत. लस बंद करायचा निर्णय तुमचा आणि त्याचा हिशोब चुकवायचा आम्ही, हे मला मान्य नाही.

आधी शेडमध्ये काय दिसलं ते सांगते.

दुसरा आठवडा सरता सरता पिल्लं मंदावली. तापमान बरोबर, पाणी बरोबर, खाद्य तेच, तरी पिल्लं पंख पाडून बसलेली, आणि एकाच दिवशी आलेल्या पिल्लांत काही तर निम्म्या आकाराची. हातात घेऊन तुरा बघितला तर पांढरा, पाय पांढरे, डोळ्याची पापणी खाली ओढली तर आतून पण रंग नाही. काहींच्या पंखांच्या टोकाला कातडीखाली निळं-काळं झालेलं आणि तिथली कातडी ओलसर होऊन सडायला लागलेली, या आजाराला ब्लू विंग पण म्हणतात ते याच्यावरूनच. मग रोज सकाळी मेलेली पिल्लं उचलणं सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात ते वाढतच गेलं.

डॉक्टरांनी माझ्यासमोर पीएम केलं, म्हणजे मेलेलं पिल्लू उघडून तपासलं. त्याआधी एका जिवंत पिल्लाच्या पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतलं, ते नळीत फिकट आणि पातळ दिसत होतं, आणि सुई टोचली तिथून थांबेचना, कापूस बराच वेळ दाबून धरावा लागला. रक्तात पेशींचा भाग किती आहे ते मोजतात, त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात, चांगल्या पिल्लात तो २९ ते ३५ टक्के असतो आणि २७ च्या खाली गेला की ॲनिमिया धरतात. इथे तो त्याच्याही बराच खाली होता. मग मेलेल्या पिल्लाच्या मांडीचं हाड उभं फोडलं. आतला मगज गडद लाल असायला पाहिजे, तो मेणासारखा पिवळट निघाला. मानेच्या दोन्ही बाजूंना शिरेला लागून थायमसच्या गाठींची माळ असते, या वयाच्या पिल्लात ती चांगली भरलेली आणि सहज दिसणारी असते, इथे शोधून शोधून एक बारीक लालसर रेघ सापडली. लिव्हर सुजलेलं आणि फिकट. छातीच्या आणि मांडीच्या मासात रक्ताचे डाग. सॅम्पल पीसीआरला गेलं, रिपोर्ट चिकन ॲनिमिया व्हायरस पॉझिटिव्ह आला.

हा रिपोर्ट तुमच्या हातात पडल्यावर वरचं उत्तर आलंय, हे मुद्दाम सांगते.

आता हा आजार ब्रूडिंगने होतो का ते बघू, कारण तुमच्यातल्या डॉक्टरांना हे सगळं माहिती आहे पण माझ्यासारख्या बऱ्याच जणांना कुणी नीट सांगितलेलंच नाही.

हा विषाणू काही कालपरवाचा नाही, जपानी संशोधकांनी १९७९ मध्येच त्याची नोंद केलीय. अगदी बारीक, साधारण २५ नॅनोमीटरचा, आत डीएनएची एकच गोल साखळी आणि तीही इतकी छोटी की तीनच मुख्य प्रोटीनं तयार होतात. पण तो जाऊन नेमका कुठे बसतो ते महत्त्वाचं. हाडाच्या मगजात काही मूळ पेशी असतात ज्यांच्यापासून रक्ताच्या पेशी बनतात, त्या तो धरतो. आणि थायमसमध्ये टी पेशी तयार व्हायच्या अवस्थेत असतात, म्हणजे पुढे जाऊन जंतूंशी लढणाऱ्या, त्या पण धरतो. त्याच्या तीन प्रोटीनांपैकी एकाचं नाव अपॉप्टिन, ते पेशीला आतून स्वतःलाच संपवायला लावतं. (हेच अपॉप्टिन कॅन्सरच्या पेशी मारतं आणि चांगल्या पेशींना फारसा धक्का लावत नाही असं प्रयोगांत दिसल्यामुळे त्याच्यावर वेगळं संशोधन चालतं. तिकडे कामाची गोष्ट, आमच्या पिल्लांना मात्र ती मारते.)

मूळ पेशीच गेल्या की लाल पेशी बनत नाहीत, पांढऱ्या बनत नाहीत, आणि रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बोसाइट पण बनत नाहीत. म्हणून पिल्लू फिकट पडतं, म्हणून सुईच्या टोचणीतून रक्त थांबत नाही, म्हणून मासात डाग. मगजात जिथे पेशी बनत होत्या तिथे चरबी भरते, तो पिवळा रंग त्या चरबीचा. आणि कोंबडीची लाल पेशी जगते किती, तर साधारण २८ ते ३५ दिवस. माणसाची १२० दिवसांच्या आसपास जगते. म्हणजे कोंबडीच्या अंगात नव्या पेशींचा पुरवठा सतत चालूच पाहिजे, त्यात हे पिल्लू, रोज वाढणारं, त्याला रक्त उलट जास्त लागतं, आणि नेमकं त्याच वेळी हाडातलं काम बंद पडतं.

काही पिल्लं यातून उठतात, हे खरं आहे. मगज परत लाल व्हायला लागतो, थायमस भरायला लागतं, आणि लागण अंड्यातूनच आलेली असेल तर पाचव्या आठवड्यापर्यंत रक्त बऱ्यापैकी सावरतं. पण मधल्या काळात अंगात लढायला कुणी नसतं त्याचं काय. ई कोलाय येतो, स्टॅफिलोकॉकस येतो, कातडीत क्लॉस्ट्रिडियम जाऊन गँग्रीन होतं, श्वासाचे आजार बळावतात. बरीचशी पिल्लं ॲनिमियाने नाही तर या मागून आलेल्यांमुळे मरतात, आणि मग कागदावर कारण म्हणून कोलाय लिहिलं जातं. मर सहसा १० ते २० टक्के, काही कळपांत त्याहून बरीच जास्त. जी जगतात ती मागे पडलेली असतात, वजन धरत नाहीत. आणि या काळात दिलेली मॅरेक्स किंवा रानीखेत अशा दुसऱ्या आजारांची लस नीट धरेल याची खात्री नाही, कारण लस धरायला ज्या पेशी लागतात त्यांचीच वाट लागलेली असते. मग त्या लसीचं अपयश पण आमच्याच खात्यावर.

आता वेळ बघा, माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तोच आहे. विषाणू अंड्यातून आला तर पिल्लं निघाल्यापासून साधारण १० ते १४ दिवसांनी लक्षणं सुरू होतात आणि १७ ते २४ दिवसांच्या दरम्यान मर सगळ्यात जास्त होते. कधीकधी ३० दिवसांच्या पुढे दुसरी छोटी लाट येते, ती त्याच शेडमध्ये आजारी पिल्लांच्या विष्ठेतून लागण झालेल्या बाकीच्यांची. पिल्लू हॅचरीतून निघताना ठणठणीत दिसणारच. त्या दिवशी त्याच्यात बघण्यासारखं काहीच नसतं. "निघताना ठणठणीत होती" हे वाक्य खरं असूनही त्याने काहीच सिद्ध होत नाही, आणि हे तुमच्या डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहिती आहे.

बरं, घटकाभर धरून चालू की विषाणू माझ्याच शेडमधल्या लिटरमध्ये, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशात, होता. असूही शकतो, हा विषाणू बहुतेक सगळीकडे सापडतो. पण मग आईकडून अंड्याच्या बलकातून आलेल्या अँटिबॉडी पिल्लाला पहिले साधारण ३ आठवडे सांभाळतात, आणि त्यानंतर पिल्लू इतकं मोठं होतं की लागण झाली तरी ॲनिमिया सहसा होत नाही. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढरी पडलेली पिल्लं दिसली याचा अर्थ एकतर विषाणू अंड्यातून आला, नाहीतर आईच्या अँटिबॉडी आल्याच नाहीत. दोन्ही गोष्टी पेरेंट शेडमध्ये ठरतात. ब्रूडरच्या दिव्याने थायमस आटत नाही.

तर माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी, लस बंद करण्याची. आपोआप लागण होते आणि अँटिबॉडी येतात हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बऱ्याच पक्ष्यांना वाढीच्या वयात लागण होऊन जाते आणि त्यांना काही होत पण नाही. पण सगळ्यांना होते का? एकाच शेडमध्ये काहींना झालेली असते, काहींना नाही, आणि जितकं फार्म स्वच्छ, नवीन, बंदिस्त, तितके न झालेले पक्षी जास्त. हेच पक्षी अंड्यावर आले आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा लागण झाली की विषाणू अंड्यात उतरतो, आणि कळपात तो फिरत राहतो तोवर काही आठवडे विषाणू असलेली अंडी येतच राहतात. नराच्या वीर्यातून पण जातो. आणि या सगळ्या काळात पेरेंट कोंबडी मरत नाही, तिचं अंडं कमी होत नाही, उबवणीचा टक्का पडत नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये एकही आकडा हलत नाही. म्हणून तुम्हाला गरज वाटत नाही. गरज दिसते ती आमच्याकडे, तीन आठवड्यांनी.

जिवंत लस आहे, पाण्यातून किंवा पंखातून देतात, पेरेंट पक्षी साधारण ९ ते १५ आठवड्यांचे असताना, आणि उबवायची पहिली अंडी गोळा करायच्या निदान ४ आठवडे आधी संपवायची, कारण उशिरा दिली तर लसीचाच विषाणू अंड्यात जाऊ शकतो. एवढीच ती गोष्ट. लस दिली म्हणजे विषाणू जगातून गेला असं मी म्हणत नाहीये, अँटिबॉडी असलेल्या पक्ष्यांच्या प्रजनन अवयवांत सुद्धा त्याचा डीएनए सापडलेला आहे. पण पिल्लाला ज्या आठवड्यांत धोका आहे त्या आठवड्यांत ते झाकलं जातं, आणि आम्हाला तेवढंच हवंय.

दुसरी तक्रार, तपासणीची. लस नाही दिली तर नाही, मग निदान अंडी सेटरमध्ये लावायच्या आधी कळपातल्या पक्ष्यांचं रक्त घेऊन एलायझा, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी, तरी करा. पुरेसे पक्षी तपासले की अँटिबॉडी सगळ्यांना आहेत का अर्ध्यांनाच ते कळतं. "आपोआप येतात" हे न तपासता म्हणायचं आणि त्याच्या भरवशावर पिल्लं विकायची, हे मला समजत नाही. तपासलं असेल तर रिपोर्ट दाखवा, मी तो मागितला होता आणि त्याबद्दल उत्तरात एक शब्दही नाहीये.

तिसरी, फोनवरच्या सल्ल्याची, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पिल्लं न बघता, पीएम न करता, पाण्यातून सल्फा हे जंतूंवरचं औषध द्या असं सांगण्यात आलं. सल्फाचा डोस जास्त झाला किंवा जास्त दिवस चालला की तो स्वतःच हाडाच्या मगजावर परिणाम करतो, त्यानेही रक्त कमी होतं आणि मासात डाग येतात. ज्या पिल्लाच्या हाडात आधीच काही उरलेलं नाही त्याला हे द्यायचं? आणि नंतर कुणी तपासलंच तर कारण सल्फा निघणार, म्हणजे परत चूक आमचीच. खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), सल्फा, इन्क्लूजन बॉडी हिपॅटायटिस हा लिव्हरचा आजार, यांच्यातही पिल्लू फिकट दिसू शकतं, म्हणून तर आधी तपासायचं असतं. या विषाणूवर औषध नाही. मागून येणाऱ्या जिवाणूंसाठी अँटिबायोटिक देता येतं, ते पण डॉक्टरांनी बघून. हे सरळ सांगा ना, आम्ही ऐकू.

चौथी गोष्ट छोटी वाटेल पण नाहीये. एका पेरेंट कळपाची अंडी एकाच वेळी कितीतरी शेडमध्ये पिल्लं होऊन जातात. एका शेडमधून ॲनिमियाची तक्रार आली की त्याच कळपाची पिल्लं अजून कुणाकुणाकडे गेलीयेत हे फक्त तुम्हाला माहिती असतं. त्यांना कळवलं जात नाही. कळवलं असतं तर ते पिल्लांवर नीट लक्ष ठेवतील, लसीचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बदलतील, गंबोरो या दुसऱ्या विषाणूच्या आजारापासून पिल्लांना जास्त जपतील. गंबोरो पिल्लाच्या बर्सा या अवयवाची वाट लावतो, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात, आणि अँटिबॉडी बनत नसतील तर वय वाढलं म्हणून मिळणारं संरक्षण पण टिकत नाही. दोन आजार एकत्र आले की मोठं पिल्लू पण पांढरं पडतं. एवढी महत्त्वाची माहिती तुमच्याकडे पडून राहते आणि आम्ही प्रत्येक जण आपापल्या शेडमध्ये एकेकटे विचार करत बसतो की आपलं काय चुकलं.

आणि शेडचं काय होतं ते पण बघा. हा विषाणू वरचं चरबीचं आवरण नसलेला आणि चिवट आहे, ७० अंशाला तासभर ठेवला तरी टिकतो, ईथर-क्लोरोफॉर्मने मरत नाही, नेहमीची बरीच जंतुनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. आयोडीन, हायपोक्लोराइट, फॉर्मलीन यांनी जातो, पण ती योग्य प्रमाणात आणि भरपूर वेळ लागू द्यावी लागतात, आधी लिटर काढून जागा घासून स्वच्छ करून. म्हणजे तुमच्याकडून आलेली एक बॅच गेली तरी विषाणू माझ्याकडे राहतो आणि पुढच्या पिल्लांना गाठतो. पुढच्या पिल्लांची आई लस घेतलेली असेल तर ती ॲनिमियातून वाचतील. नसेल तर परत तेच. मोठी होऊन लागण झालेली पिल्लं वरून बरी दिसतात पण त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते, वाढीत आणि खाद्याच्या हिशोबात ते दिसतं, फक्त त्याला नाव कुणी देत नाही.

एक वाचणाऱ्या बाकीच्या लोकांसाठी, उगाच घाबरू नका, हा कोंबड्यांचा आजार आहे, यामुळे माणूस आजारी पडल्याचं दिसलेलं नाही.

माझ्या मागण्या लिहिते, यातली एकही अवघड नाही.

पेरेंट कळपाला ॲनिमियाची लस परत सुरू करा, ठरलेल्या वयात, अंडी सुरू व्हायच्या पुरेशी आधी. ज्यांना लस द्यायचीच नाही त्यांनी प्रत्येक कळपाचा अँटिबॉडी रिपोर्ट अंडी लावायच्या आधी करावा आणि ज्या कळपात अँटिबॉडी सगळीकडे सारख्या आलेल्या नाहीत त्याची अंडी उबवणीला घेऊ नयेत.

पिल्लांच्या पावतीसोबत पेरेंट कळपाचा नंबर, वय, लसीची तारीख आणि शेवटचा रिपोर्ट द्या. आम्ही पिल्लू विकत घेतो, त्याच्या आईबद्दल विचारायचा आम्हाला हक्क आहे.

पहिल्या तीन आठवड्यांत पांढऱ्या पडलेल्या पिल्लांची तक्रार आली की डॉक्टर पाठवा, मांडीचं हाड आणि थायमस बघा, पीसीआर करा, आणि तोपर्यंत फोनवरून औषध सांगू नका. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या कळपाच्या पिल्लांच्या सगळ्या खरेदीदारांना लगेच कळवा.

आणि पीसीआर पॉझिटिव्ह असताना, लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली असताना, नुकसानीचा वाटा उचला. पूर्ण भरपाई द्या असं मी म्हणत नाही, मर मोजून, पेरेंटचा रिपोर्ट समोर ठेवून, दोघांनी बसून ठरवू. ब्रूडिंगमध्ये चूक आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ती चूक कोणती ते लिहून द्या, तापमानाची नोंद माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनची आहे, ती मी दाखवायला तयार आहे.

मला यापुढेही तुमच्याकडूनच पिल्लं घ्यायचीयेत, माझ्याकडे दुसरा मार्ग पण फारसा नाही. पण पुढची ऑर्डर देण्याआधी मला पेरेंट कळपाचा एलायझा रिपोर्ट लेखी हवाय, आणि हे पत्र वाचणाऱ्या पिल्लं वाढवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की तुम्ही पण तो मागा, प्रत्येक बॅचला मागा.

उत्तराची वाट बघतेय. फोन नको, लिहून द्या.

— पिल्लं वाढवणारी एक शेतकरी